मक्याचा देश आणि वर्ध्याचा पांडुरंग



स्मृतिव्याख्यानासाठी मी ‘मेक्सिको’ हा विषय कळविला, तेव्हा संयोजकांना थोडे आश्चर्य वाटले असावे. जोयडा तालुक्याच्या एका कोपऱ्यातील गाव, भोवताली जंगल आणि सुपारीच्या बागा. आणि बोलावयाचे कोणाविषयी, तर पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या देशाविषयी! आमच्या वेळी भूगोलाच्या पुस्तकात मेक्सिको एका परिच्छेदात संपत असे. चांदी, खनिज तेल आणि निवडुंग एवढे पाठ केले की गुण मिळत. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांना नकाशावरचे गाव घराच्या उंबऱ्याशी आणून सोडण्याची सवय होती. तीच वाट धरून मीही आरंभ आपल्या परसापासूनच करतो.

परसात मिरचीची चार झाडे असतात. कुंपणाला लाल भोपळ्याचा वेल असतो, विहिरीजवळ पपई असते, पावसाळ्यात मक्याची एखादी ओळ असते. कोणाकडे चिकूचे झाड असते. दसऱ्याला दाराला झेंडूचे तोरण लागते. या साऱ्यांपैकी एकही वनस्पती पाचशे वर्षांपूर्वी आपल्या देशात नव्हती. मिरची, मका, लाल भोपळा, पपई, चिकू, झेंडू, टोमॅटो ही सर्व मंडळी मेक्सिको व त्याच्या शेजारच्या मुलखातील होत. त्यांतील बरीचशी पोर्तुगिजांच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि गोव्याचे बंदर आपल्यापासून किती जवळ आहे हे येथे कोणास सांगावयास नको. ‘टोमॅटो’ आणि ‘चॉकलेट’ हे शब्द अॅझटेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेतून आले; ‘चिकू’ या नावाचे मूळही त्याच भाषेत सापडते. म्हणजे आपल्यापैकी ज्याने कधी मेक्सिकोचे नाव ऐकलेले नाही, तोही त्या देशाच्या जुन्या भाषेतले दोन-तीन शब्द रोज बोलतो.

आपल्या जिल्ह्यातल्या बागाइतदारांना आणखी एक पाहुणा चांगलाच आठवत असेल. तो म्हणजे व्हॅनिला. २००३ च्या सुमारास या शेंगांचे भाव आकाशाला भिडले, सुपारीच्या झाडांवर जिकडे तिकडे वेल चढले आणि दोन-तीन वर्षांतच भाव असे कोसळले की अनेकांनी ते वेल उपटून टाकले. हा वेलही मेक्सिकोचाच. तेथील तोतोनाक लोक त्याची जोपासना करीत. मेक्सिकोबाहेर त्याला शेंगा धरत नसत, कारण त्याच्या फुलांचे परागीभवन तेथील किडे करीत. १८४१ साली हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने परागीभवन करण्याची युक्ती शोधून काढली. आपल्या बायाबापड्यांनी भल्या सकाळी व्हॅनिलाच्या फुलांशी जी खटपट केली, ती त्या मुलाने शिकविलेली होती. जगाच्या बाजारात त्या मुलाच्या वाट्याला काही आले नाही, ही गोष्ट निराळी.

आता त्या देशाकडे वळू. मेक्सिकोचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या निम्म्याहून थोडे अधिक. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १२.६ कोटी भरली. स्पॅनिश ही व्यवहाराची भाषा असली तरी २००३ च्या कायद्याने ६८ मूळनिवासी भाषांना राष्ट्रीय भाषांचा दर्जा देण्यात आला आहे. घरी कोंकणी, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड असा प्रवास ज्यांनी केला आहे, त्यांना या आकड्यामागचा गुंता चटकन उमगेल. १३ ऑगस्ट १५२१ रोजी अॅझटेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या हाती पडली आणि तीनशे वर्षांची परकी सत्ता सुरू झाली. १६ सप्टेंबर १८१० रोजी दोलोरेस गावच्या मिगेल इदाल्गो नावाच्या धर्मगुरूने घंटा वाजवून बंडाची हाक दिली. १८२१ साली स्वातंत्र्य मिळाले. परंतु राजकीय स्वातंत्र्य मिळाल्याने मनातली गुलामगिरी जातेच असे नाही. मेक्सिकोत ती कोठे दडून राहिली, हे पाहावयाचे असेल तर ताटात डोकवावे लागेल.

मेक्सिकोच्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथील शेतकऱ्यांनी ‘तेओसिंते’ नावाच्या एका रानगवतापासून मका घडविला. ‘घडविला’ हाच शब्द योग्य. त्या गवताला पाच-दहा टणक दाण्यांची बोटभर ओंबी येते. पिढ्यान्‌पिढ्या बियाणे निवडून, राखून, पुन्हा पेरून तिचे कणीस झाले. आजचा मका माणसाने सोलून पेरला नाही तर स्वतःच्या बळावर रुजूही शकत नाही, इतका तो माणसावर विसंबला आहे. याहून मोठी गोष्ट स्वयंपाकघरात घडली. तेथील स्त्रिया मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर ठेवून, धुऊन मग वाटतात. असे केल्याने साल सुटते, पीठ एकजीव होऊन त्याची भाकरी, म्हणजे तोर्तिया, थापता येते आणि मक्यात अडकून पडलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला. ही कृती मात्र अडाण्यांची म्हणून मागे ठेवली. पुढे स्पेन आणि इटलीतील मकाखाऊ गरिबांत ‘पेलाग्रा’ नावाचा भयंकर रोग पसरला. त्याचे कारण विज्ञानाला विसाव्या शतकात कळले.

आणि तरीही शतकानुशतके मेक्सिकोतील प्रतिष्ठितांच्या घरी गव्हाचा पाव हा सभ्यतेचा आणि मक्याची तोर्तिया ही मागासलेपणाची खूण मानली जाई. १८९९ साली फ्रान्सिस्को बुल्नेस नावाच्या तेथल्याच एका विद्वानाने गहू खाणारे, तांदूळ खाणारे आणि मका खाणारे अशा मानवजातीच्या तीन वर्गवाऱ्या पाडून गहू खाणाऱ्यांना वरचे आसन दिले. आपल्या देशाची दुर्बलता मक्यामुळे आहे, असे त्याचे म्हणणे. येथे मला थोडे थांबणे भाग आहे. आपल्या तालुक्यातील कुणबी घरांत कोनफळे, अळकुड्या, सुरण, रताळी यांचे किती प्रकार होतात, ते मी लहानपणापासून पाहिले आहे. परंतु शाळेच्या डब्यात उकडलेला कंद घेऊन येणारे मूल तो झाकून खात असे आणि पांढरा भात आणणारे मूल उघडा डबा ठेवीत असे, हेही पाहिले आहे. कोणी कोणास तसे सांगितलेले नसे. बुल्नेसचे पुस्तक आमच्यापैकी कोणी वाचले नव्हते, पण त्याचे मत मात्र आमच्या वर्गात येऊन बसले होते.

मेक्सिकोत हे चित्र पालटले ते १९१० च्या राज्यक्रांतीने. पोर्फिरिओ दियास याच्या दीर्घ एकाधिकारशाहीविरुद्ध उठाव झाला. दक्षिणेत एमिलियानो झापाटाने जमिनीचा प्रश्न हाती घेतला. दहा वर्षे रक्तपात झाला. १९१७ च्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमाने जमीन मूलतः राष्ट्राची, आणि म्हणून मोठ्या जमीनदाऱ्या फोडून गावांना देता येतील, हे तत्त्व मान्य केले. पण निरक्षर जनतेला ही नवी गोष्ट सांगावयाची कशी? शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी चित्रकारांना बोलावून सरकारी इमारतींच्या भिंती त्यांच्या स्वाधीन केल्या. दिएगो रिव्हेरा, ओरोस्को, सिकेरोस यांनी त्या भिंतींवर जी भव्य चित्रे काढली, त्यांनी जगाच्या कलेतिहासात मेक्सिकोला स्थान मिळवून दिले. मला येथे महत्त्वाचे वाटते ते हे की, या भिंतींवर राजेरजवाडे मिरवीत नाहीत. तेथे मका सोलणारी बाई आहे, फुलांचा भारा पाठीवर घेतलेला मजूर आहे, खाणकामगार आहे, खेड्यातली शिक्षिका आहे. ज्या तोर्तियाची लाज वाटत होती, ती आता राष्ट्राच्या भिंतीवर चढली.

या भिंतींपैकी एका चित्राशी आपले नाते आहे आणि आजच्या विषयाचा गाभा तोच आहे.

मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत रिव्हेराने १९२३ ते १९२८ या काळात काम केले. तेथे ‘आमची रोजची भाकर’ अशा अर्थाच्या नावाचे एक चित्र आहे. निरनिराळ्या वर्णांची, निरनिराळ्या श्रमांची माणसे एका मेजाभोवती बसली आहेत आणि मध्यभागी असलेला एक गृहस्थ भाकर मोडून वाटतो आहे. हा गृहस्थ म्हणजे वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे होत, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. मेक्सिकोच्या राष्ट्रीय भिंतीवर, भाकरीच्या यजमानपदी, एक वैदर्भीय मराठी माणूस!

खानखोज्यांचा जन्म १८८० च्या दशकात वर्ध्याचा. शाळा वर्ध्यास व नागपुरास. लोकमान्य टिळकांच्या प्रभावाखाली वाढलेल्या त्या पिढीतील अनेक तरुणांप्रमाणे त्यांच्याही मनात सशस्त्र क्रांतीचे विचार घोळू लागले आणि शतकाच्या पहिल्या दशकात ते देश सोडून जपानमार्गे अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी दोन विद्या एकदम शिकावयास घेतल्या, लष्करी शिक्षण आणि शेतकी. कॅलिफोर्नियात एका लष्करी अकादमीत ते शिकले आणि पुढे ऑरेगन व वॉशिंग्टन येथील कृषिमहाविद्यालयांत त्यांनी शेतकीच्या पदव्या मिळविल्या. १९१३ साली लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना आदींनी गदर पक्ष उभारला, त्याच्या संस्थापकांत खानखोजे होते. पंजाबी शेतकरी, बंगाली विद्यार्थी आणि हा मराठी कृषिपदवीधर अशी ती विलक्षण मंडळी होती.

पहिले महायुद्ध पेटताच ते तुर्कस्तानमार्गे इराणात गेले. इराण व बलुचिस्तानच्या बाजूने हिंदुस्थानवर चाल करावी, असा तो बेत. इंग्रजांच्या हाती सापडले, निसटले, दक्षिण इराणातील टोळ्यांबरोबर राहिले. बेत फसला. १९२१ साली बर्लिनमधील हिंदी क्रांतिकारकांच्या शिष्टमंडळाबरोबर ते मॉस्कोस गेले. तेथूनही हाती फारसे काही लागले नाही. आता विचार करा. वय चाळिशीला आलेले, मायदेशाचे दार बंद, मित्र विखुरलेले, तलवारीचा मार्ग खुंटलेला. अशा वेळी माणूस कडवट होतो किंवा आठवणी सांगत बसतो. खानखोजे १९२४ साली मेक्सिकोस गेले. अमेरिकेत असताना मेक्सिकन क्रांतिकारकांशी त्यांचा परिचय झालेला होता, तो उपयोगी पडला. मेक्सिको शहराजवळच्या चापिंगो येथे, एका जुन्या जमीनदारीच्या वाड्यात राष्ट्रीय कृषिविद्यालय नुकतेच हलविण्यात आले होते. तेथे त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली.

चापिंगोचे वैशिष्ट्य असे की, जमिनीकडून काम करवून घ्यावयास शिकवावे, माणसाला राबवून घ्यावयास नव्हे, अशा अर्थाचे ब्रीद या विद्यालयाने स्वीकारले आहे. तेथील जुन्या प्रार्थनामंदिराच्या भिंती व छत रिव्हेरानेच रंगविले. अशा वातावरणात खानखोज्यांनी मक्यावर काम सुरू केले. मक्याचा रानटी सोयरा तेओसिंते याच्याशी मक्याचा संकर करून त्यांनी प्रयोग केले. कणसांचा घोस धरणाऱ्या एका मकाप्रकाराचा अभ्यास केला. गव्हावरही संशोधन केले. प्रयोगशाळेतील वाण शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचावेत म्हणून १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात खेड्यांतून ‘मुक्त कृषिशाळा’ चालविल्या. त्या शाळांना फी नव्हती. क्रांतीने ज्यांना जमीन दिली होती, त्यांना ती कसण्याची नवी विद्या देणे हा त्यांचा हेतू. इटलीत जन्मलेली प्रख्यात छायाचित्रकार टिना मोदोत्ती या कार्यात सहभागी होती आणि तिने त्या शाळांची व मक्याच्या कणसांची छायाचित्रे काढली. १९३० मध्ये तिला मेक्सिकोतून घालवून देण्यात आले. खानखोजे राहिले. १९३६ साली त्यांनी बेल्जियन वंशाच्या झान सिंदिक यांच्याशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. थोरलीचे नाव सावित्री आणि धाकटीचे माया. मेक्सिकोत जन्मलेल्या मुलीचे नाव सावित्री! घरात मराठी किती बोलली जात होती कोण जाणे, पण नाव ठेवताना वर्धा आठवली असणार, असे मला आपले वाटते.

कोणी विचारील, मक्याच्याच देशात जाऊन परक्याने त्यांना मका तो काय शिकवावयाचा? प्रश्न रास्त आहे. माझी समजूत अशी की, आपल्या घरच्या वस्तूचे मोल बाहेरच्याने सांगितले की आपल्याला ते दिसू लागते, हा अनुभव बहुतेक दबलेल्या समाजांना येतो. त्यात थोडी नामुष्कीही आहे. पण खानखोजे सामान्य अर्थाने ‘बाहेरचे’ नव्हते. ते एका जिंकल्या गेलेल्या देशातून, एकदा जिंकल्या गेलेल्या दुसऱ्या देशात आले होते. मका हलके धान्य आहे, हे त्यांना कोणी लहानपणी शिकविलेले नव्हते. आणि ज्वारीला हलके म्हणणारे लोक मात्र त्यांनी नक्कीच पाहिले असतील.

चापिंगोची कथा तेथे संपत नाही. १९४४ साली नॉर्मन बोरलॉग नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ मेक्सिकोत आला. उन्हाळ्यात उंच डोंगराळ भागात आणि हिवाळ्यात सोनोरा प्रांतातील याकी खोऱ्यात, अशी वर्षाला दोन पिके घेऊन त्याने वाणनिर्मितीचा काळ निम्म्यावर आणला. जपानी ‘नोरिन १०’ या बुटक्या गव्हाशी संकर केल्याने दांडा आखूड झाला. जड ओंबीने पीक लोळेना. १९५६ पर्यंत मेक्सिको गव्हाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला. १९६५ व १९६६ या लागोपाठच्या दुष्काळांत आपला देश अमेरिकन गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसला होता, हे येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या १९६६ साली भारताने मेक्सिकोकडून सुमारे १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले. ‘सोनोरा ६४’ आणि ‘लेर्मा रोहो’ ही त्या वाणांची नावे. दाणा तांबूस असल्याने आपल्याकडे चपातीला तो कोणी पसंत करीना. डॉ. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून सोनेरी दाण्याचे वाण निवडले, ‘कल्याणसोना’ त्यांतलाच. १९६८ साली पोस्टखात्याने गहूक्रांतीचे तिकीट काढले. बोरलॉगला १९७० चे शांततेचे नोबेल मिळाले. गहू व मका यांच्या संशोधनाचे आंतरराष्ट्रीय केंद्र १९६६ साली स्थापन झाले, ते आज चापिंगोच्या शेजारीच एल बातान येथे आहे. जो मेक्सिको मक्यामुळे स्वतःला हीन समजत होता, त्याच्याच शेतांतून गव्हाचे बियाणे घेऊन आपण पोट भरले, हा इतिहासाचा उलटा फेरा बुल्नेस पाहावयास हवा होता. या क्रांतीने खतांचे आणि उपसलेल्या पाण्याचे जे प्रश्न निर्माण केले, ते पंजाब आज भोगतो आहे. परंतु तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

१९६८ या वर्षापाशी मात्र मला थोडे रेंगाळावयाचे आहे. जागतिक व्यासपीठावरचा अभिमान म्हणजे काय आणि त्याची किंमत काय, हे त्या वर्षाइतके दुसऱ्या कोणत्या वर्षाने मेक्सिकोला शिकविले नसेल. ऑलिंपिक सामन्यांचे यजमानपद मिळविणारा तो पहिला स्पॅनिशभाषक आणि पहिला लॅटिन अमेरिकन देश. ऑलिंपिक ज्योत पेटविण्याचा मान इतिहासात प्रथमच एका स्त्रीला, एन्रिकेता बासिलिओ हिला, मिळाला. मेक्सिकोने तीन सुवर्णपदकांसह नऊ पदके जिंकली. आपल्याला ते सामने वेगळ्या कारणाने आठवतात. हॉकीत भारत प्रथमच अंतिम फेरीबाहेर राहून कांस्यपदकावर थांबला तो तेथेच.

परंतु १२ ऑक्टोबरला मैदानात ज्योत पेटण्याच्या दहा दिवस आधी, २ ऑक्टोबर रोजी, शहराच्या त्लातेलोल्को भागातील ‘तीन संस्कृतींचा चौक’ येथे जमलेल्या विद्यार्थ्यांवर सैन्याने गोळीबार केला होता. किती मेले याचा हिशेब आजही वादग्रस्त आहे. सरकारी आकडा काही डझनांचा, इतरांचे अंदाज शेकड्यांत. पाहुणे येणार म्हणून घर स्वच्छ दिसावे, यासाठी घरच्या मुलांचा आवाज बंद करण्यात आला. दैवाचा खेळ असा की, याच त्लातेलोल्कोमध्ये वीस महिन्यांपूर्वी, फेब्रुवारी १९६७ मध्ये, सबंध लॅटिन अमेरिका अण्वस्त्रमुक्त ठेवण्याचा करार झाला होता. त्या करारासाठी झटलेले मेक्सिकोचे मुत्सद्दी अल्फोन्सो गार्सिया रोब्लेस यांना १९८२ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच चौकाच्या नावाने देशाचा गौरवही नोंदला गेला आणि कलंकही.

त्या वेळी मेक्सिकोचे भारतातील राजदूत होते कवी ऑक्टाव्हियो पाझ. १९६२ पासून ते दिल्लीस होते. गोळीबाराची वार्ता येताच त्यांनी निषेध म्हणून पद सोडले. सारे जग देशाचे कौतुक करीत असताना, त्या कौतुकात न्हाऊन निघण्याची पूर्ण सोय असलेल्या माणसाने असे करावे! १९९० साली त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले, तेव्हा तोच देश त्यांच्या नावाने उजळला. १९९५ मध्ये त्यांनी भारतावरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले. मेक्सिकन आणि भारतीय स्वयंपाकातील साम्य त्यांच्या नजरेतून सुटले नाही. त्याच वर्षी मारिओ मोलिना यांना ओझोनच्या थरासंबंधीच्या संशोधनासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मेक्सिकन अभिमानाची मोजदाद करावयाची तर आणखी पुष्कळ आहे. २०१४ ते २०१९ या सहा वर्षांत उत्कृष्ट दिग्दर्शनाचे ऑस्कर पाच वेळा कुआरोन, इन्यारितु व देल तोरो या तीन मेक्सिकनांकडे गेले. १ ऑक्टोबर २०२४ रोजी क्लाउदिया शेनबाउम या मेक्सिकोच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. ही यादी मी येथेच थांबवतो, कारण याद्या वर्तमानपत्रांत मिळतात.

मला स्वतःला २०१० ची एक नोंद अधिक मोलाची वाटते. त्या वर्षी युनेस्कोने मेक्सिकोची पारंपरिक पाककला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. मका, घेवडा, मिरची. शेत आणि चूल. चुन्याच्या पाण्यात मका शिजविणारी तीच बाई. तिला जगाने मान्यता दिली, पण १८९९ पासून शंभरांहून अधिक वर्षे लागली. त्याच्या दोन वर्षे आधी याच यादीत मृतांच्या स्मरणाचा उत्सव गेला होता. १ व २ नोव्हेंबरला मेक्सिकन घरांत पूर्वजांसाठी वेदी मांडतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात आणि वाट चुकू नये म्हणून दारापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची पायवाट घालतात. आपण भाद्रपदात म्हाळ घालतो, पितरांच्या नावाने पान वाढतो. झेंडू मात्र आपण देवांसाठी आणि सणाच्या तोरणासाठी ठेवला. फूल त्यांचे, भाव तोच, ठिकाण बदलले.

सारे काही गोड आहे, असे सांगून मी आपली फसवणूक करणार नाही. १ जानेवारी १९९४ रोजी अमेरिका व कॅनडा यांच्याशी मुक्त व्यापाराचा करार अमलात आला. अमेरिकेतील अनुदानित, यंत्राने पिकविलेला स्वस्त मका मेक्सिकोत येऊ लागला आणि मक्याच्या जन्मभूमीतला लहान शेतकरी स्वतःच्याच धान्याच्या बाजारातून हळूहळू हद्दपार झाला. लक्षावधी लोक उत्तरेकडे मजुरीस गेले. कराराच्या त्याच दिवशी दक्षिणेतील चियापास प्रांतात मूळनिवासी शेतकऱ्यांनी झापाटाचे नाव घेऊन उठाव केला. अमली पदार्थांच्या टोळ्यांनी जो हिंसाचार माजविला आहे, तोही विसरता येत नाही. मात्र मार्च २०२५ मध्ये मेक्सिकोने राज्यघटनेत दुरुस्ती करून जनुकबदल केलेल्या मक्याची लागवड निषिद्ध ठरविली व मका हा राष्ट्रीय अस्मितेचा घटक असल्याचे घटनेतच लिहून ठेवले. शास्त्रज्ञांत याविषयी मतभेद आहेत. पण राज्यघटनेत एका धान्याला जागा देणारा समाज त्या धान्याकडे काय म्हणून पाहतो, हे समजण्यास ते पुरेसे आहे. इकडे आपल्याकडेही अलीकडच्या काळात जोयड्यास कंदमुळांचा मेळा भरू लागला आहे. तेथे मी कुणबी बायांना टोपल्यांतले कंद हातात घेऊन परगावच्या पाहुण्यांना नावे समजावून सांगताना पाहिले. त्या खालच्या आवाजात बोलत नव्हत्या.

आता पुन्हा खानखोज्यांकडे येऊन मी थांबतो. देश स्वतंत्र झाला आणि त्यांना परत यावयाचे होते. १९४९ मध्ये मध्य प्रांताच्या सरकारने शेतकी धोरणासंबंधी सल्ला देण्यासाठी त्यांना बोलाविले. परंतु इंग्रजांनी केलेल्या जुन्या काळ्या यादीत त्यांचे नाव अजून तसेच होते! ज्या स्वातंत्र्यासाठी ते देशोधडीस लागले, त्या स्वातंत्र्यानंतरही परवान्यासाठी त्यांना तिष्ठावे लागले. पुढे १९५५ च्या सुमारास ते कायमचे परत आले आणि नागपुरास राहिले. तेथेच २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. ‘सोनोरा’ गव्हाचे ते मेक्सिकन बियाणे भारतात येऊन जेमतेम एक हंगाम लोटला होता.

त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले. मराठीत वीणा गवाणकरांनी लिहिले. ते आपल्या शाळेच्या ग्रंथालयात असावे म्हणून एक प्रत मी आज मुख्याध्यापकांकडे देत आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगोच्या विद्यापीठात खानखोज्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. रिव्हेराने त्यांना भिंतीवर चितारले, त्याला तेव्हा नव्वदांहून अधिक वर्षे झाली होती.